गालफुग्याचा गाल

गालफुग्याचं नाकाड भिंतीकडे होतं, आणि बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

गेली सव्वीस वर्षं तो खण बाईंनीच उघडला होता आणि बाईंनीच लावला होता. वाळूच्या पिशवीवर कवटी, उजवा गाल वर, नाकाड खिडकीकडे. खण ओढला की पहिला उजेड गालावर पडला पाहिजे, असा त्यांचा नियम. त्या सोमवारी खण ओढला तर नाकाड भिंतीकडे. कवटी जागेवर होती, चिठ्ठी जागेवर होती, कपाटाचं कुलूप शाबूत होतं. दुसरं कोणी असतं तर नाकाड सरळ करून खण लावून टाकला असता. बाईंनी खुर्ची ओढली आणि पंचनाम्याला आलेल्या हवालदारासारख्या अर्धा तास तिथे बसून राहिल्या.

बाई म्हणजे संग्रहालयाच्या जीवाश्म विभागाच्या प्रमुख. दगड झालेली हाडं हा त्यांचा धंदा. शेजारी त्यांना पाठीमागे ‘हाडवाल्या बाई’ म्हणत, आणि लेकीने दुसरीत असताना ‘माझी आई ऑफिसात हाडं धुते’ असा निबंध लिहून शाळेत खळबळ उडवून दिली होती. निवृत्तीला चार महिने उरले होते. संशयी स्वभाव हा मात्र धंद्यामुळे आलेला नव्हता, तो जन्माचाच होता. दूधवाल्याच्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता, भिंतीवरच्या घड्याळावर नव्हता, डॉक्टरांच्या हसण्यावर तर मुळीच नव्हता. धंद्यात हा स्वभाव कामी आला इतकंच.

वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेज संपवून बाई संग्रहालयात आल्या त्या नोंदवह्या उतरवून काढायला, सहा महिन्यांच्या बोलीवर, आणि ती बोलीच वर्षानुवर्षं वाढत गेली. तेव्हाचे प्रमुख, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत, बायकांना उत्खननावर नेत नसत. उन्हाने चक्कर येते म्हणत. एका हंगामात त्यांचा कारकून तापाने पडला आणि वह्या सांभाळायला कोणी तरी हवं म्हणून बाईंना घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतःच उन्हाने चक्कर येऊन छत्रीखाली आडवे झाले होते. बाई बुटातला खडा काढायला ओढ्याच्या कोरड्या काठावर बसल्या, आणि समोरच्या लाल मातीत त्यांना दात दिसले.

तो गालफुग्या. बावीस कोटी वर्षांपूर्वीचा, कुत्र्याएवढा, झाडपाला खाणारा, सरड्याच्या लांबच्या नात्यातला. कवटी दगडातून सोडवायला अकरा महिने लागले. डावी बाजू चेपलेली होती. उजव्या गालावर मात्र एक उभा कंगोरा होता, त्याच्यावर तीन टेंगळं, आणि सगळं विलक्षण गुळगुळीत. त्या घराण्यातल्या कुठल्याही प्राण्याच्या गालाला असलं काही नव्हतं. म्हणजे ही नवी जात. बाईंनी तिचं वर्णन छापलं आणि तिला वडिलांचं नाव दिलं, बोलण्यात मात्र तो गालफुग्याच राहिला. वडिलांनी ते पान दुकानात, चाकांच्या तारांच्या शेजारी, फ्रेम करून लावलं. पंक्चर काढायला येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवायचे, वाचता येत नव्हतं तेवढं मनाने सांगायचे.

त्या एका प्राण्यावर बाईंची नोकरी कायम झाली, पुढे खुर्चीही मिळाली. दुसरा प्राणी मात्र त्यांना सापडला नाही. बाकीचं आयुष्य त्यांनी लोकांनी नावं दिलेल्या प्राण्यांना नावं ठेवण्यात घालवलं. ‘हा तुकडा दुसऱ्याच प्राण्याचा आहे’, ‘हा दात उलटा बसवलाय’ असं लिहून त्यांनी जगभरच्या निम्म्या मंडळींशी वैर जोडलं होतं. म्हणून गालफुग्याला त्या डोळ्यात तेल घालून जपत. एखाद्या जातीचं नाव ज्या एकाच नमुन्यावर टांगलेलं असतं, तसला तो नमुना होता. नमुना खोटा ठरला की नाव गेलं. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली होती, दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं. त्यांचं नाव जगात उरलं होतं ते या खणात.

आणि आता कोणी तरी या खणात हात घातला होता.

कोणी, याचा विचार करायला बाईंना फार वेळ लागला नाही. सहा महिन्यांपूर्वी विभागात नवी आली होती. तिला नाव होतं, पण सगळे नवीच म्हणत. मोठ्या विद्यापीठातून आलेली, मशीन कोळून प्यायलेली, बाईंच्या नंतर खुर्ची तिचीच. आल्याच्या दुसऱ्या महिन्यात तिने गालफुग्याचा स्कॅन काढायचा म्हणून अर्ज दिला. माणसांचा काढतात तसाच, इस्पितळातल्या मशीनमध्ये, शनिवारी मशीन रिकामं असतं तेव्हा. नाही म्हणायला कारण सापडलं नाही म्हणून बाईंनी सही केली होती, आणि तारीख आता येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारची पडली होती.

नवी गोड बोलायची. बाईंना चहात साखर चालत नाही हे तिने शिपायाला विचारून ठेवलं होतं. जी मुलगी आपली साखर विचारून ठेवते ती आणखी काय काय विचारून ठेवत असेल, असं बाईंना वाटे. कारण चहा ठेवता ठेवता ती हळूच विचारायची, गाल कुठे जोडलेला आहे का? तो भाग इतका गुळगुळीत कसा, हाडाची जाळी दिसत नाही ती का? बाई म्हणायच्या, वर्णनात सगळं लिहिलंय, वाच. ती म्हणायची, वाचलंय, सात वेळा. हे सात वेळा बाईंच्या डोक्यात बसलं होतं. आपलं लिखाण कौतुकाने वाचणारा माणूस फार तर दोनदा वाचतो.

त्या सोमवारी बाईंनी छडा लावायचं ठरवलं. ऑफिसातल्या फळ्यावर कपाटाची दुसरी किल्ली असे. तिच्या वहीत महिनाभरात कोणाची सही नव्हती. मग त्यांनी कवटीच्या कामाची जुनी फाईल काढली. दगडातून हाड सोडवताना कामाच्या दर टप्प्याला फोटो काढून डकवायची पद्धत होती. तेरा नंबरचा फोटो होता, वीस नंबरचा होता. चौदा ते एकोणीस नव्हते. कोपऱ्यातल्या डिंकाचे डाग तेवढे होते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नवीला सहज विचारल्यासारखं विचारलं, जुन्या फायली चाळतेस का म्हणून. नवीने डबा बाजूला ठेवला. “मीच तुम्हाला विचारणार होते, बाई. गालफुग्याचे मधले सहा फोटो कुठे आहेत?”

चोर हुशार असला की पहिली तक्रार तोच नोंदवतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्यांनी सापळा लावला. पोलिसांनी बोटांचे ठसे घेतले असते, बाईंनी मोजमापाचा कंपास घेतला. नाकाडाच्या टोकापासून खणाच्या कडेपर्यंत एक्केचाळीस मिलिमीटर. मंगळवारी एक्केचाळीस, बुधवारी एक्केचाळीस. गुरुवारी संग्रहालय बंद असे. शुक्रवारी सकाळी मोजलं तर चव्वेचाळीस. बाईंना भीती वाटायला हवी होती, पण आपण बरोबर होतो या आनंदात ती मागे पडली.

अडचण एवढीच की गुरुवारी नवी गावात नव्हती. ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती, आणि बाईंनी शिपायाकडून ते दोनदा खात्री करून घेतलं.

मग त्यांना गुरुवारची संध्याकाळ आठवली.

गुरुवारी बाई दिवसभर बँकेच्या आणि पेन्शनच्या कागदांसाठी बाहेर होत्या. संध्याकाळी नवऱ्याने चहाचा कप हातात दिला तेव्हा त्याच्या बोटांना ॲसिटोनचा वास येत होता. हा वास बाईंच्या ओळखीचा होता. कारागीर, म्हणजे बाईंचे यजमान, पंचवीस वर्षं संग्रहालयाच्या कार्यशाळेत हाडं दगडातून सोडवायचं काम करत होते. जुना डिंक सुटा करायला ॲसिटोन वापरतात, आणि तेव्हा तो वास त्यांच्या अंगालाच चिकटलेला असे. गालफुग्याही त्यांच्याच हाताने दगडाबाहेर आला होता. त्याचं वर्णन छापून आलं आणि त्यानंतर दोन वर्षांनी यांचं लग्न झालं. संग्रहालयाच्या फाटकाच्या आत ते त्यांना ‘बाई, तुम्ही’ म्हणत, फाटकाच्या बाहेर ‘अगं, तू’, आणि हा बदल ते नेमका फाटकाच्या पट्टीवर करत, वाक्य अर्धं असलं तरी. पण त्यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. आता ॲसिटोन कशाला?

बाईंनी तेव्हाच विचारलं होतं. चष्म्याची काडी चिकटवली, असं ते म्हणाले होते. शुक्रवारी घरी आल्या आल्या बाईंनी चष्मा पाहिला. काडी गेले दोन महिने होती तशीच दोऱ्याने बांधलेली होती.

चोवीस वर्षांच्या संसारात पकडलेलं हे पहिलं खोटं. तोवर सुटे सुटे पडलेले तुकडे आता भराभर जुळायला लागले, आणि हेच त्यांना नको होतं. गेला महिनाभर कारागीर सांगत होते, कवटी इस्पितळात पाठवू नकोस, जुने जोड आहेत, गाडीत हिसके बसतात. बाईंना ती काळजी वाटली होती. एकदा नवी घरी कागद द्यायला आली तेव्हा ते तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले होते, आणि वर यायला त्यांना वीस मिनिटं लागली होती. वीस मिनिटं काय बोलत होते? दोघं मिळून काही शिजवत होते का? एकाला कवटी जायला नको, दुसरीला न्यायचीच आहे, मग दोघांचं जमतं कसं? काही कळेना. कुठे तरी पाणी मुरत होतं, आणि ते बाईंच्याच घरात.

त्यांनी लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या शहरात, स्वतःच्या संसारात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसत सुटली. नवऱ्याच्या अंगाला ॲसिटोनचा वास आला म्हणून घाबरणारी जगात तू एकटीच, बाकीच्या बायका अत्तराच्या वासाने घाबरतात, असं म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, आई, सरळ विचार ना त्यांना. बाईंनी फोन ठेवला. सरळ विचारलं की माणूस सरळ खोटं बोलतो. शिवाय पुरावा हातात नसताना प्रश्न विचारणं हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे स्कॅनच्या दोन दिवस आधी, कारागीर कापडी पिशवी घेऊन निघाले. वाचनालयात जाऊन येतो म्हणाले. बाईंनी दहापर्यंत आकडे मोजले आणि मागोमाग निघाल्या. आपल्या नवऱ्याचा पाठलाग करणं वाटतं तितकं अवघड नसतं, त्याची चाल पाठ असते. किल्ल्या करून देणाऱ्याच्या टपरीपाशी ते थांबतील हे त्यांना माहीत होतं, ते थांबले. पुलावर उजव्या बाजूने चालतील, ते चालले. वाचनालयाचं वळण आलं आणि गेलं, ते वळले नाहीत. संग्रहालयाच्या मागच्या फाटकातून ते आत शिरले तेव्हा बाई समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, लग्नाच्या पत्रिकांचे नमुने बघत उभ्या होत्या.

पहारेकऱ्याने बाईंना सलाम केला. “साहेब आत गेलेत. मागच्या दोन गुरुवारीपण आले होते. तुम्हीच पाठवलंय म्हणाले.”

किल्ली कुठली, असं बाईंनी विचारलं. तुमचीच की, पहारेकरी म्हणाला, लाल दोरीची. घरातल्या खुंटीवर टांगलेली. ऑफिसातल्या वहीतल्या सह्या तपासणाऱ्या बाईंनी स्वतःच्या खुंटीकडे पाहिलं नव्हतं.

कार्यशाळेचं दार नुसतं लोटलेलं होतं. खिडकीखालच्या जुन्या बाकावर कारागीर बसले होते. समोर वाळूची परात, परातीत गालफुग्या उजवा गाल वर करून, आणि गालाच्या कडेने ओल्या कापसाच्या बारीक वळकट्या ओळीने लावलेल्या. ॲसिटोनने जोड मऊ करायची हीच रीत. दिव्याखाली त्यांचे हात काम करत होते. घरी कप धरताना थरथरणारे हात इथे जरासुद्धा हलत नव्हते. बाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या, आणि राग यायच्या आधी त्यांना त्या हातांचं कौतुक वाटलं. याचा त्यांना नंतर जास्त राग आला.

“दार लावून घ्या, बाई,” कारागीर मान वर न करता म्हणाले. “वाऱ्याने ॲसिटोन उडतं.”

“कोणाच्या सांगण्यावरून चाललंय हे?”

“कोणाच्याच नाही.”

“तिच्याशी खाली वीस मिनिटं काय बोलत होतात?”

कारागिरांना आधी कळेचना. मग ते म्हणाले, रिक्षा मिळत नव्हती. स्कॅनमध्ये प्लास्टर कसं दिसतं एवढं विचारलं. ती म्हणाली, पांढरं सपाट, हाडापेक्षा अगदी वेगळं. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. “हा कंगोरा हाड नाही, बाई. माझ्या हातचा आहे.”

पुढचं त्यांनी सांगितलं ते कामाचा अहवाल द्यावा तसं. कवटीच्या कामाचा नववा महिना चालू होता. त्या सकाळी गालावरचा शेवटचा दगड निघाला आणि खाली कंगोरा दिसला, खराखुरा, हाडाचा. बाईंना बोलवायला म्हणून ते उठले आणि दिव्याचा दांडा कोपराने फिरला. दोन बोटं रुंदीचा तुकडा उडून फरशीवर पडला. बावीस कोटी वर्षं टिकलेलं ते हाड आतून इतकं पिचलेलं होतं की त्याचा भुगा झाला, चिकटवण्याजोगा एक कपचासुद्धा उरला नाही. त्यांची नोकरी तेव्हा कच्ची होती. आधीच्या माणसाला थोरल्या साहेबांनी एका दातापायी घालवलं होतं. दुपारभर बसून, डोळ्यांसमोर होतं तसं, त्यांनी ते प्लास्टरमध्ये घडवलं आणि डिंकाने बसवलं. भरलेली जागा हाडापेक्षा फिकी ठेवायची, हातभर अंतरावरून कळली पाहिजे, हा कार्यशाळेचा पहिला नियम. त्यांनी ती फिकीच ठेवली होती. दोन दिवसांनी साहेब जाता जाता थबकले आणि म्हणाले, हे पांढरं काय आहे? कारागीर म्हणाले, धूळ आहे साहेब, आणि साहेब गेल्यावर त्यांनी रंग कालवला.

“रंग फार चांगला जुळला,” ते म्हणाले. “तेवढा जुळायला नको होता.”

“आणि त्याच संध्याकाळी पाच वाजता मी आले असेन.”

“हो. तुम्ही भिंग लावलंत आणि म्हणालात, इतकं गुळगुळीत हाड मी जन्मात पाहिलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तुम्ही वहीत लिहायला लागला होतात.”

बाईंनी स्टूल ओढलं. ‘पृष्ठभाग गुळगुळीत’. छापलेल्या वर्णनात ती दुसऱ्या क्रमांकाची खूण होती. प्लास्टरचा गुळगुळीतपणा त्यांनी जातीचं लक्षण म्हणून नोंदवला होता आणि जगाने तो सव्वीस वर्षं पाठ केला होता. हाडाला जाळी असते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना त्या स्वतः शिकवत. जाळी दिसली नाही तर संशय घ्या, असं बजावत. दूधवाल्याच्या मापावर संशय घेणाऱ्या बाईंनी त्या एका संध्याकाळी संशय घेतला नव्हता, कारण तो घ्यायचा नव्हता. हे त्यांना आता, या क्षणी, लख्ख कळलं.

“आणि आज काय करत होतात?”

आज ते तुकडा सुटा करत होते. दोन गुरुवारांत निम्मा जोड मऊ झाला होता, आज उरलेला झाला असता. मग उद्या ऑफिसात जाऊन सांगायचं, स्कॅनच्या आधी जोड पक्का करायला गेलो आणि म्हाताऱ्याच्या हातून पडला, भुगा झाला. त्या दिवशी सवयीने काढलेले सहा फोटो, ज्यांत गालाचं भोक आणि ते भरत गेलेलं दिसतं, त्यांनी तेव्हाच फाईलमधून काढून घरी हत्यारांच्या पेटीत ठेवले होते, ते जाळायचे. मग स्कॅनमध्ये बघायला काही उरत नाही. चित्रं छापलेली आहेत, वर्णन छापलेलं आहे. हरवलेल्या हाडाला खोटं कोण ठरवणार?

“तेव्हा पाडलं ते लपवलं,” कारागीर म्हणाले. “आता पाडलं म्हणून सांगतो. नाव राहील. तुमचंही, बाबांचंही.”

बाईंनी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. लोकांच्या लेखांतल्या चुका काढण्यात हयात गेली होती, पण या बेतात त्यांना एकही भोक सापडेना. त्यांनी कवटी परातीतून उचलून घेतली. गालाच्या कडेने केसाएवढी फट पडली होती. अंगठा टेकवला तर तुकडा हलला. थोडासा जोर, बस. चार महिने काढायचे, निरोप समारंभ, आणि नाव कायम.

त्यांनी अंगठा तिथेच ठेवून विचारलं, “टेंगळं किती होती? खऱ्या हाडावर?”

कारागिरांनी हवेत बोटाने टेंगळं मोजून पाहिली. “तीन आठवतात. पण होती म्हणून आठवतात की तुम्ही तीन लिहिलीत म्हणून, हे आता मला सांगता येत नाही.”

“दोन असतील?”

“असतील. कंगोरा होता, एवढं शपथेवर सांगेन. पुढचं नाही.”

“आणि लग्न?” बाईंनी विचारलं. “तेही भरपाई म्हणूनच केलंत का?”

“पहिली दोन वर्षं मलाच तशी शंका होती,” ते म्हणाले. “मग आपली भांडणं सुरू झाली. भरपाई करणारा माणूस भांडत नाही.”

बाईंनी अंगठा काढला. कवटी वाळूत ठेवली, गाल वर करून. कापसाच्या वळकट्या एकेक करून उचलल्या आणि ॲसिटोनच्या बाटलीचं बूच घट्ट लावलं. त्यांना रडू येत होतं आणि कारागिरांच्या डोक्यात परात घालावीशीही वाटत होती. यातलं काहीच त्यांनी केलं नाही. “ब्रश धुऊन ठेवा,” एवढं म्हणाल्या. घरी परत येताना दोघं एकमेकांच्या मागेपुढे चालले, आणि फाटकाबाहेर पडल्यावरही कारागिरांच्या तोंडून ‘अगं’ निघालं नाही.

शुक्रवारी बाईंनी नवीला खोलीत बोलावून दार लावलं, सहा फोटो टेबलावर मांडले आणि सगळं सांगितलं. नवीने फोटो पाहिले नाहीत, ती बाईंकडेच पाहत राहिली.

“म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, तुम्हीच केलंय. तीन महिने मी विचार करतेय की तुम्हाला विचारू कसं.”

बाईंना हे फार लागलं. पण रागवायची सोय नव्हती. तिच्या जागी असत्या तर त्या तीन दिवससुद्धा थांबल्या नसत्या, सरळ छापून मोकळ्या झाल्या असत्या. शनिवारी दोघी मिळून कवटी घेऊन गेल्या. पडद्यावर हाड राखाडी, बारीक जाळीदार दिसलं, आणि गालावर दोन बोटांचा पांढरा सपाट डाग. मशीनवरच्या माणसाने विचारलं, पेशंटच्या गालाची प्लास्टिक सर्जरी झालीय का? नवीने हसू दाबलं. मग बाईच हसल्या, जरा जास्त वेळ.

स्वतःच्या शोधाचं खंडन दोन पानांचं होतं. ते लिहायला बाईंना तीन आठवडे लागले. कंगोरा प्लास्टरचा आहे. मूळ हाडाला कंगोरा असल्याचं सांगितलं जातं, पण पुरावा नाही. तो वगळला तर ही कवटी ऐंशी वर्षांपूर्वीच नाव मिळालेल्या एका सर्वसाधारण जातीची ठरते. त्या जातीच्या अकरा कवट्या याच कपाटात आहेत, ही बारावी. सबब दिलेलं नाव रद्द समजावं. वडिलांचं नाव लिहून त्याच्यापुढे ‘रद्द’ लिहिताना बाईंनी पेन दोनदा खाली ठेवलं. लेकीला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती या वेळी हसली नाही. आजोबांना चाललं असतं गं, असं काहीतरी पुटपुटली. बाई म्हणाल्या, नसतं चाललं, त्यांनी फ्रेम काढली नसती.

शेवटी लेखकाचं नाव घालायचं राहिलं. संग्रहालयात आजवर शेकडो लेख लिहिले गेले, पण हाड दगडातून सोडवणाऱ्याचं नाव कधी वर आलेलं नव्हतं. ते आलंच तर शेवटच्या ओळीत, आभारात, गाडीचा ड्रायव्हर आणि तंबूतला स्वयंपाकी यांच्या सोबत. गालफुग्याच्या पहिल्या लेखातही तसंच होतं. बाईंनी नावं घातली, छापील कागद घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कारागिरांसमोर ठेवला.

त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मग पुन्हा पहिल्या पानावर आले आणि बोट शीर्षकाखाली थांबलं. तिथे दोन नावं होती.

“माझं नाव कशाला? आणि तुझ्या आधी?”

“तुम्हाला आधी माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “सव्वीस वर्षं.”

कारागिरांनी वर पाहिलं. हा मान आहे की शिक्षा, हे ते बाईंच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. बाईंना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईंनी पेनचं टोपण काढून पेन त्यांच्यापुढे सरकवलं, आणि कारागिरांनी सही केली.